ऑफिसातल्या माझ्या फेऱ्या

वाईहून रोज एसटीने साताऱ्याला नोकरीला जायचे, तेव्हा मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. आमच्या ऑफिसात बायकांच्या संडासाला आतून कडीच नव्हती. एकीने दाराशी उभं राहायचं, दुसरीने आत जायचं. सोबत मिळाली नाही तर दाबून धरायचं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र सारखं जावंसं वाटायला लागलं. गेलं की चार थेंब, आणि जळजळ.

हे सगळ्यात आधी कळलं आमच्या हेडक्लार्कला. समोरच्या फायलीकडे ढुंकूनही न बघणारा हा माणूस माझ्या फेऱ्यांवर बारीक लक्ष ठेवून होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "म्याडम, लय फेऱ्या चालल्यात. शुगर हाय ही."

शेजारच्या टेबलावर फौजेतून रिटायर होऊन आलेला क्लार्क. तो म्हणाला, "शुगर न्हाई ओ, चहा लय पितात त्या. फौजेत आमी तासन्‌तास धरून बसायचो."

दोघं हसले. ज्या टेबलांवर साधा रजेचा अर्ज महिनाभर हलत नाही, तिथे माझ्या मूत्राशयाचा निकाल चुटकीसरशी लागला.

वाईतल्या डॉक्टरबाईंनी लघवी आणि रक्त तपासलं. "शुगरने होतं, जास्त चहानेही होतं. पण तुम्हाला जंतुसंसर्ग झालाय. दिवसा पाणी किती पिता?"

"पीतच नाही." मी कडीचं सांगितलं.

त्यांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या. "गोळ्यांचा कोर्स पुरा करा. पण पाणी प्यायला नाहीत, लघवी धरून ठेवलीत, तर परत याल."

मी साहेबांना सांगितलं. "प्रस्ताव ठेवा, बघू," ते म्हणाले. एका कडीसाठी प्रस्ताव! आणि त्यांच्या केबिनला स्वतंत्र संडास, फरश्या, साबण, सगळं.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीभर पाणी प्यायले. केबिनमध्ये मीटिंग चालली होती, तरी आत शिरले. "साहेब, बाहेर कडी नाही," एवढंच बोलले आणि त्यांच्या संडासात जाऊन कडी लावली. बाहेर आले तेव्हा सगळे पुरुष फायलींत तोंड खुपसून बसले होते. फौजीसुद्धा.

त्याच आठवड्यात सुतार आला. हेडक्लार्क येईल त्याला सांगत होता, "म्याडमची अडचण मीच सायबांच्या कानावर घातली."

मी त्याला खोटं पाडलं नाही. तेवढीही त्याची लायकी नव्हती.