चांद मार्क्याची पेटी

गुणवंता सोमकुवर पेट्या भरायचा. एवढं सांगितलं की पांढुर्ण्यात दुसरी ओळख लागायची नाही. संत्र्याच्या हंगामात शेठच्या गोदामात वीस-पंचवीस माणसं पेट्या भरत, पण गुणवंताच्या मते ती माणसं नुसती संत्री टाकत होती. भरत होता तो एकटाच. तळाला भाताचं तणस, त्यावर संत्र्यांचा थर, मग कागद, पुन्हा तणस, पुन्हा थर. झाकण ठोकलं की पेटी छातीशी धरून हलवायची आणि कान लावायचा. आत कुठं 'टुक' झालं की सगळे खिळे काढून पहिल्यापासून. काहीच ऐकू आलं नाही म्हणजे त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू पेटीनंच त्याला शाबासकी दिली. मग कुंचला लाल रंगात बुडवून फळीवर एक चांद काढायचा, खाली दोन रेघा. हा शेठचा मार्का. दिल्लीच्या बाजारात चांद मार्क्याची पेटी न उघडता उचलतात, असं ट्रकवाले सांगायचे. चांद शेठचा असला तरी भरोसा आपला आहे, हे गुणवंताला ठाऊक होतं, आणि ते तो इतरांनाही विसरू देत नव्हता.

घरात मात्र या कलेचा जाच होता. जाम नदीपलीकडे, सावरगावात त्याचं दोन खोल्यांचं घर. तिथं लोणच्याची बरणीसुद्धा तणसात बसलेली. बायको यमुना म्हणायची, "एक दिवस हा माणूस मलेही तणसात घालून झाकण ठोकून देईल, अन् कान लावून पाहील, ही बोलून राहिली का म्हणून."

"तू तर झाकण फोडून बोलशील वं," गुणवंता म्हणायचा.

त्र्याऐंशीच्या मार्चात त्याच्या मुलीचं, प्रेमलताचं, लग्न ठरलं. नवरदेव भोपाळला कारखान्यात. त्याला सुट्टी मिळाली दोन दिवसांची, म्हणून व्याही यशवंतरावांनी पत्र टाकलं की लग्न इकडंच करू, तुम्हीच सगळे या. सोळा माणसं, आंदणाची भांडी, फराळ, गाद्या. रेल्वेनं जायचं तर एवढं सगळं चढेपर्यंत गाडी इटारसीला पोहोचली असती. म्हणून आळीतल्या श्रावणची मेटॅडोर ठरली. मुलताई, बैतूल, इटारसी, होशंगाबाद करत तीनशे किलोमीटर. सगळं घर एका गाडीत घालून इतक्या लांब त्या आळीतून कोणी गेलं नव्हतं. गुणवंताची आत्या तर रामाकोन्याहून तीन दिवस आधीच येऊन बसली; गाडी आपल्याला सोडून जाईल म्हणून तिनं लुगडंही बदललं नाही.

तयारीत सगळ्यात मोठा प्रश्न निघाला मूर्तीचा. गुणवंताची आई जयवंता हिनं एका दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून बुद्धाची मूर्ती आणली होती. प्लॅस्टरची, पांढरीशुभ्र, हातभर उंच. पॅसेंजरच्या गर्दीत उभ्यानं, पोटाशी धरून आणली होती. मरायच्या आधी म्हातारी एवढंच म्हणाली होती, "ही माह्या नातीच्या घरात बसली पाहिजे." आता नातीचं घर होत होतं. लग्नाच्या टेबलावर तीच मूर्ती ठेवायची आणि मग प्रेमलताच्या क्वार्टरात न्यायची, हे घरात सगळ्यांनाच मान्य होतं. भांडण होतं ते न्यायची कशी यावर.

"मी मांडीवर घेऊन बसीन," यमुना म्हणाली.

"तीनशे किलोमीटर?"

"बुढीनं आणली ना पोटाशी धरून."

"बुढीची गोष्ट वेगळी. तू बैतूलपर्यंत झोपून जाशील. मांडीचा का भरोसा वं? मांडी हलते. माही पेटी हलत नाही."

आत्यानं सुपारी कातरता कातरता मधेच म्हटलं, "अरे बाप्पा, बुद्ध आहे तो. संत्रं नाही."

"आत्या, माह्या पेटीतलं संत्रं दिल्लीले पोहोचते, तरी त्याले मालूम नाही पडत आपण पांढुर्णा सोडला म्हणून. भोपाळ तर अर्ध्या वाटेत आहे."

यमुनेनं शेवटी हात टेकले. पण दारातून वळून म्हणाली, "एक टवका जरी उडाला ना, तर पाहा मग."

"टवका उडाला तर पेटी भरणं सोडून देतो," गुणवंता म्हणाला. हे तो सोळा माणसांदेखत बोलला. त्यातली पाच अजून यायची होती, पण आली तसं आत्यानं त्यांनाही सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो गोदामात गेला. तणस, खिळे, हातोडी सगळं तिथंच. भांड्यांची, कपड्यांची आणि फराळाची अशा तीन पेट्या त्यानं घटकाभरात, कानही न लावता, उडवल्या. चौथीला दोन तास घेतले. मूर्ती आईच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळली. कानांच्या मागं कापूस, हातांच्या खाली कागदाचे बोळे. तणस निवडून घेतलं, काडी टोचायला नको म्हणून. झाकण ठोकलं, पेटी छातीशी धरली, हलवली, कान लावला. काही नाही. पुन्हा हलवली. आत कोणी नव्हतंच जणू. 'पाह्य बुढे,' तो मनातल्या मनात आईला म्हणाला, 'तुह्या पोटापेक्षा मऊ केली जागा.' तो असा आईशी बोलत असतानाच, वीस वर्षं जे करत आला तेच त्याच्या उजव्या हातानं केलं. कुंचला उचलला, लाल रंगात बुडवला आणि फळीवर एक चांद काढला, खाली दोन रेघा. सुरेख काढला. मग गुणवंता हात झटकून घरी गेला, कारण नवरीच्या बांगड्या भरायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणनं मेटॅडोर आधी गोदामावर नेली आणि पेट्या घेऊन मग सावरगावात माणसं घ्यायला आला. गुणवंतानं वाकून पाहिलं. एक, दोन, तीन, चार. चार भरल्या होत्या, चार आल्या. त्यांच्यावर गाद्या पडल्या, गाद्यांवर आत्या पडली, आणि मग ब्रह्मांड कोसळलं तरी त्या पेट्या दिसणं शक्य नव्हतं.

मुलताईला चहा झाला. यमुना नाक वर करून म्हणाली, "अजी, संत्र्याचा वास येऊन राहिला."

"माह्या अंगाचा असन. वीस वर्षांचा आहे."

बैतूलच्या पुढं आत्या म्हणाली, "गुणवंता, वास माह्या बुडाखालून येऊन राहिला."

सगळी मेटॅडोर हसली. यमुना हसली नाही. "काढा ना जी बाहेर. एकदा पाहून घेऊ."

"ठोकलेली पेटी रस्त्यात उघडत नसतात." गुणवंताच्या धंद्यातला हा कायदाच होता. घाटात गाडी अशी उसळली की पंधरा डोकी टपाला लागली. गुणवंताचंही लागलं, पण तो डोकं चोळता चोळता हसत होता. मूर्ती मांडीवर असती तर? त्यानं यमुनेकडं असं पाहिलं की तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. होशंगाबादच्या पुलावर सगळे नर्मदा पाहायला एका बाजूला वाकले, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "आता तरी पाहू." तो म्हणाला, "भोपाळ आलंच."

कारखान्याच्या कॉलनीच्या सभागृहात यशवंतरावांनी टेबलावर पांढरी चादर घालून ठेवली होती. बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं, आणि मधोमध हातभर जागा रिकामी. "सोमकुवर साहेब, पहिले मूर्ती येऊ द्या," यशवंतराव म्हणाले. साहेब म्हटल्यावर गुणवंताला राहवेना. त्यानं चारही पेट्या मधोमध मांडायला लावल्या. पहिली उघडली, भांडी. दुसरी, कपडे. तिसरी, फराळ. एक लाडूसुद्धा फुटला नव्हता, हे त्यानं सगळ्यांना दाखवलं. व्याह्यांकडची मंडळी जमली. चौथीचे खिळे त्यानं एकेक करून, सावकाश, जादूगारासारखे काढले. झाकण बाजूला केलं. तणस सारलं.

संत्रं.

गुणवंतानं ते उचललं आणि बाजूला ठेवलं, चुकून आलेल्या पाहुण्यासारखं. खाली दुसरं संत्रं. त्याच्या बाजूला तिसरं. मग तो दोन्ही हातांनी उकरायला लागला. संत्री फरशीवर पडली, खुर्च्यांखाली घरंगळली, यशवंतरावांच्या जोड्याला जाऊन टेकली. कोणी हलेना. तळाचं तणस लागलं तेव्हा गुणवंता गुडघ्यांवर बसला. तळाशी दोन संत्री दबून फुटली होती. त्यांच्याकडं पाहत तो भलतंच बोलला, "ही पेटी कोणं भरली?"

यमुना काहीच बोलली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असं झालं. गुणवंताला त्याचीच जास्त भीती वाटली.

ट्रंक कॉल लागायला तास गेला. शेठ आनंदानं ओरडला, "काय गुणवंता, मिळाले ना संत्रे? माझ्याकडून व्याह्यांना भेट. मुद्दाम नाही सांगितलं. उघडल्यावर चाट पडला असशील!"

गुणवंता चाट पडला होता हे खरंच होतं. म्हणजे चौथी पेटी शेठची. मग आपली चौथी? शेठनं हिरामण हमालाला फोनवर बोलावलं. "भाऊ," हिरामण म्हणाला, "चांदवाल्या पेट्या दिल्लीच्या ट्रकात अन् बिनचांदाच्या मेटॅडोरात, असं ठरलं होतं. विकायची नव्हती म्हणून भेटीच्या पेटीवर चांद नव्हता."

"माह्या पेटीवर कुठं होता बे चांद?"

"होता ना. तुह्याच हातचा. ओलाच होता, माह्या बोटाले लागला."

गुणवंतानं उजवा हात डोळ्यांसमोर धरला. नखाच्या कडेला लाल रंग होता. तो कितीतरी वेळ त्या हाताकडं पाहत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता आणि चुकून त्याच्या मनगटाला लागला होता. तीन मिनिटं संपली, फोन कटला, तरी तो तसाच.

लग्न दुसऱ्या दिवशी झालं. मूर्ती कॉलनीच्या विहारातून आणली. मंगलगाथा चालू असताना प्रेमलतानं हात जोडले, पण एकदा बापाकडं पाहिलं, आणि बापानं छताकडं. शेठची संत्री पंगतीत वाटली. लोक म्हणाले, साखर आहे साखर. गुणवंतानं एक फोड तोंडात घातली. बाकीचं संत्रं तसंच पानात ठेवलं.

घरी आल्यावर दिल्लीहून शेठला कळलं ते आणखी भयंकर होतं. पेटी बाजारात उतरली त्याच दिवशी गेली. लिलावात कोणा फळवाल्यानं चांद पाहून न उघडताच उचलली. भरोसा आपला आहे, असं गुणवंता म्हणायचा ना? त्याच भरोशानं म्हातारीची मूर्ती कोण्या अनोळखी माणसाच्या हातगाडीवर चढवली होती. तो रोज गोदामात यायचा, पण पेटी भरायचा नाही, झाकणं पुसायचा. यमुना घरी दोन भाकरी वाढायची आणि तेवढंच. तिनं एकदा तरी शिवी द्यावी म्हणून त्यानं मुद्दाम बरणी तणसातून काढून उघड्या फळीवर ठेवून पाहिली. तिनं ती पुसली आणि ठेवली परत तिथंच.

भोपाळला संत्री निघाली त्याच्या सतराव्या दिवशी दिल्लीचा ट्रक आला आणि ड्रायव्हरनं एक पेटी हातात दिली. लाल चांदावर आडवंतिडवं कोळशानं लिहिलं होतं: 'इसमें भगवान हैं, धीरे उतारना.' फळवाल्यानं उघडून पाहिलं होतं, पुन्हा ठोकलं होतं आणि अडत्याकडं आणून दिलं होतं. नाव त्यानं सांगितलं नव्हतं. आणि ठोकलं होतं म्हणजे काय? खिळे वाकडे, एक फळी वर, तणस बाहेर आलेलं. गुणवंतानं ती पेटी छातीशी धरून घरी आणली. यमुना दारात उभी राहिली. सवयीनं त्यानं पेटी हलवली, कान लावला.

टुक. टुक. टुक.

दिल्लीपासून इथवर हे टुकटुक होत आलं होतं. गुणवंतानं पेटी खाली ठेवली, पण हातोडी यमुनेनंच घेतली. तिनं झाकण उचकटलं. लुगडं सोडलं. मूर्ती पांढरीशुभ्र, कानाची पाळीसुद्धा जशीच्या तशी. बाजूला मूठभर तणसात एक सफरचंद होतं, सुरकुतलेलं, एका अंगानं काळं पडलेलं. फळवाल्यानं ठेवलं होतं ते, मूर्तीपुढं. पूर्ण वाटभर तेच वाजत होतं.

गुणवंता खाली बसला. "वाजत होती," तो म्हणाला. "पेटी वाजत होती वं. तरी काही झालं नाही."

"टवका नाही उडाला," यमुना म्हणाली. ती सतरा दिवसांनी बोलली. "म्हणून आता का पेट्या भरणं चालू ठेवता?"

"ठेवतो. पण ही नाही भरत." त्यानं मूर्ती उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "तूच घे."

पुढच्या रविवारी दोघं भोपाळच्या बसमध्ये बसले. मूर्ती म्हातारीच्या लुगड्यात, यमुनेच्या मांडीवर. बैतूल यायच्या आतच यमुनेची मान कलली. गुणवंतानं आधीच सांगितलं होतं. पण हात सैल पडले नाहीत. बस उसळली की बोटं झोपेतच आवळायची. गुणवंतानं हळूच आपला तळहात खाली घातला, आणि मग, कोणी पाहत नाही बघून, वाकून मूर्तीला कान लावला.

"का ऐकून राहिले जी?" यमुना डोळे न उघडता म्हणाली.

"काही नाही."

"मग नीट बसा. अन् तो हात माह्या डोळ्यासमोर राहू द्या. कुठं माह्यावर चांद काढून ठेवन, तर मीच दिल्लीले जाईन."