मिटलेल्या डोळ्यांसमोर

चर्चच्या नव्या पंचाची नेमणूक होती; त्याच्या डोक्यावर हात ठेवायला आम्ही चौघे जुने पंच पुढे झालो. कुणाची हरकत आहे का, असं विचारून पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्या मंडळीने डोळे मिटले. माझे उघडेच राहिले. नव्या पंचाच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने आमचे वर उठलेले हात पाहिले आणि झटकन कोपरं उचलून स्वतःचं डोकं झाकलं.

ती कोपरं माझ्या ओळखीची होती. आमच्या घरीही रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना व्हायची. बायबलमधलं वचन म्हणताना अडखळलो की बाबा कमरेचा पट्टा काढायचे. एकदा बकलाने माझी भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरत असताना त्यांनी मला तेच वचन पुन्हा म्हणायला लावलं. प्रीतीबद्दलचं होतं ते. रविवारी हेच बाबा उपासनेत पुढे उभे राहून घर कसं चालवावं ते सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे.

ज्याचं घर नीट, त्यालाच चर्चची मंडळी सोपवावी, असं आम्ही अजूनही शिकवतो. पण घर नीट आहे म्हणजे काय, तर पोरं गप्प बसतात. कशाने गप्प बसतात, ते कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. सगळ्यांनी डोळे उघडले. तोवर पोरीने हात खाली घेतले होते. माझा हात मात्र तिच्या बापाच्या डोक्यावरच होता.

"हात काढा आता," पाळकसाहेब कुजबुजले.

"कुणाची हरकत आहे का, असं मघाशी विचारलंत ना?" मी मोठ्याने म्हणालो. "पुन्हा विचारा."