वहिनीच्या रश्शातली जांभळाची दारू

शाळेत शिकवून घरी आलो तेव्हा वहिनी शुद्धीवर होती. तापानं तोंड काळवंडलेलं, तरी मला जवळ बोलावून म्हणाली, "भावजी, बरणी फळीमागं हाय. रश्शात घालायची सोडू नका. ह्यांना कळू देऊ नका..." संध्याकाळच्या आत ती गेली. आज सव्वा महिना झाला.

बरणीत जांभळाची दारू. जांभळं, गूळ, पाणी घालून तोंडाला फडकं बांधायचं नि आंबू द्यायचं, ही तिच्या आजऱ्याकडच्या माहेरची रीत. रोजच्या वांग्यात पळीभर, जून मटणात वाटीभर. माझा थोरला भाऊ, दादा, महाराजांच्या घोड्यांच्या पागेत नोकरीला. पिण्यापायी नोकरी जायची वेळ आली, तेव्हा ज्योतिबाचा गुलाल हातात घेऊन त्यानं शपथ वाहिली, की दारूचा थेंब जिभेला लावणार नाही. वहिनीनं त्याच दिवशी बरणी घरामागच्या परड्यात ओतली. पण मग मटण शिजेना, कशाला चव येईना. दादा ताटावरून उठायचा, नि उठला की पाय गुत्त्याकडं. तिथं रस्सा फक्कड मिळतो म्हणे! दोनदा मला मागं धाडून तिनं त्याला वाटेतून परत आणवला. मग गुपचूप नवी बरणी घातली. मी बघितलं आणि तापलो. "वहिनी, देवाची शपथ हाय! थेंब म्हंजे थेंब!" तिनं पळी आपटली. "व्हय, ठावं हाय. उकळल्यावर त्यात काय ऱ्हातंय? आन् ऱ्हायलंच तर पाप माझ्या डोस्क्यावर. मानूस घरात जेवतोय का न्हाय?"

नऊ वर्षं दादा घरात जेवला, बोटं चाटून. चारचौघांत मिशीवर ताव देऊन सांगायचा, "गुलाल उचललाय, पावणं! थेंबाला शिवलो न्हाय!" तेव्हा वहिनी आत चुलीपुढं डोळे मिटून बसायची. दर रविवारी ज्योतिबाचा कडक उपास. दादाला साधी शिंक आली तरी हिचा चेहरा पांढराफटक. मला तिचा राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची.

तेराव्यानंतर माझ्या बायकोनं बरणीला हात न लावता मटण केलं. दादानं एक घास खाल्ला, ताट सारलं, पटका बांधला. मागोमाग गेलो. गुत्त्याच्या कोपऱ्यावर तो बराच वेळ उभा राहिला... आणि परत फिरला. दुसऱ्या दिवशी फळीमागची बरणी मीच बायकोला काढून दिली. दादा पोटभर जेवला, "तिचीच चव रं..." म्हणाला आणि ढसाढसा रडला. आता ते पाप माझ्या डोक्यावर आहे, आणि बरणीत चार बोटंच दारू उरली आहे.

वहिनीसारखी धाडसाची बाई मी पाहिली नाही. हे कुठंतरी छापून यावं असं फार वाटलं, म्हणून लिहायला बसलो. पण दादाला अक्षर येत नाही. वर्तमानपत्र त्याला मीच वाचून दाखवतो. हा कागद बघून तो आत्ता समोर आलाय. "तिच्यावर लिवलंयस न्हवं? वाच की."

मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. त्यानं माझ्या नाकावरच्या चष्म्याकडं बघितलं आणि मांडी घालून बसला. वाचावं लागणार.