ताईचा हेल

सरळच सांगतो, मला स्वतःचा भारी अभिमान आहे. इतकी वर्षं सिनेमांना संगीत देतोय, बक्षिसांनी कपाट भरलंय, पण त्याचा नव्हे. लकव्यानं वाचा गेलेली माणसं माझ्या ॲपवर हेल धरून पुन्हा बोलायला शिकतात, आणि ते मी माणगावपासून किहीमपर्यंत फुकट वाटलंय, त्याचा. ते सुचलं कसं तेही ऐका, कारण त्यात माझी चांगलीच जिरली.

बोर्ली पंचतनला माझी थोरली बहीण असते. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला लकवा झाला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं, लिहिणंही. कळायचं सगळं, शब्द फुटायचा नाही. तिचा मुलगा नवी मुंबईत. गुणी पोरगा. त्यानं ठरवून टाकलं, "मामा, आईला घेऊन जातो. हे घर बंद करू." ताई नुसती बघत राहिली. आम्ही तो होकार समजलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, बोलता येत नाही अशांना कधीकधी गाता येतं. झालं, माझ्या अंगात आलं! सिनेमात आम्ही आधी चाल बांधतो, शब्द मागाहून बसवतो. इथंही तेच केलं. बासरी, व्हायोलिन घेऊन गोड चाली बांधल्या, त्यात "पाणी दे", "औषध दे" बसवलं आणि ओळखीच्या इंजिनिअरबाईंकडून त्याचं ॲप करून मोबाइलवर चढवून घेतलं. ताईनं आठवडाभर ऐकलं आणि एके सकाळी मोबाइल अंगणात भिरकावला.

"अगं, माझ्या चालीसाठी निर्माते दारात बसतात!" मी ओरडलो. लाज वाटते आता.

तेवढ्यात समोरच्या शाळेत पाढे सुरू झाले. ताईचे ओठ हलले. "बे एके बे, बे दुणे चार..." स्पष्ट! थेट वीसपर्यंत! जन्मभर वर्गात म्हटलेला तो हेल शाबूत होता.

बासरीबिसरी सगळी पुसून टाकली. मग विचारलं, "ताई, तुला काय म्हणायचंय?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं बोटानं जमीन दाखवली. परत दाखवली. मग मुलाच्या फोटोकडे बघून जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली. मला मेल्याला तेव्हा कळलं.

ॲपवर आता तीनच शब्द. रोज सकाळ-संध्याकाळ, पाढ्याच्या हेलात, मांडीवर ताल धरून. कधी पहिला शब्द निघायचा, कधी तोही नाही.

भाचा गाडी घेऊन आला. बॅगा भरायला लागला. ताईनं मांडीवर हात आपटला.

"मी, इथंच, राहणार. मी, इथंच, राहणार."

भाच्याच्या हातातली साडी खाली पडली.

"आई! मग आधी का नाही बोललीस?" तो म्हणाला, आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसला.