भाऊच्या पिकअपचा मागचा आवाज

या पानावरचे अनुभव मी जेवण झाल्यावर आडवं पडून वाचतो आणि बहुतेक वेळा मनात म्हणतो — याचा कुठला तरी नट ढिला असणार. मी गाड्यांचा मेकॅनिक. अर्धं आयुष्य गाड्यांखाली पाठ टेकून गेलं. आवाज येतो म्हणजे काहीतरी घासतंय, हलतंय नाहीतर तुटतंय... याहून वेगळं कारण मला कधी भेटलं नव्हतं. भूत, करणी, बाधा यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आताही नाही. तरी लिहितो.

गोष्ट २०१० च्या आसपासची. गोंदिया जिल्ह्यात गोरेगावला माझं टिनाचं शेड होतं. माझी मुलगी सरिता हिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दरेकसाचा, स्टेशनजवळ किराणा दुकान, लग्नही त्यांच्याच दारी. ऐन लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना, तेव्हा माझा थोरला भाऊ म्हणाला, "कायले गाड्या शोधून राहिला? माही पिकअप आहे ना. पोरीचं वऱ्हाड तिच्यातच जाईन."

ती पिकअप त्यानं नुकतीच दुर्गकडून जुनी घेतली होती. तिला कोणी नावं ठेवलेली त्याला खपत नसे.

मी म्हटलं, आधी एक चक्कर मारू. आमगाव रस्त्याला लागलो, स्पीड वाढला आणि मागच्या ॲक्सलकडून आवाज सुरू झाला. घूंऽऽ... घूंऽऽ... पलीकडच्या खोलीत कोणी जात्यावर दळत असावं तसा. सालेकसा सोडलं की पुढं जंगलातले चढ-उतार आहेत. तिथं भरल्या गाडीचा ॲक्सल गेला तर काय होतं, हे मला कोणी सांगायला नको. आणि गाडीत माझीच पोरगी असणार.

लागलो कामाला. क्लच दाबून गाडी तशीच धावू दिली — आवाज कायम, म्हणजे इंजिनचा नाही. रेस सोडून पाहिली — फरक नाही. मग राहिली बेअरिंग. मागची चाकं जॅकवर उचलली, लांब स्क्रूड्रायव्हर ॲक्सलवर टेकवून मूठ कानाला लावली, चाक फिरवलं... एकदम साफ. तरी दोन्ही बाजूची बेअरिंग गोंदियाहून आणून बदलली. ऑइल काढून पाहिलं, लोखंडाचा कण नाही. टायर पुढचे मागे केले. आवाज तसाच. घरी मंडप, पाहुणे, आहेराची गडबड आणि मी रोज गाडीखाली. अंग आंबून गेलं होतं. बायको म्हणाली, "पोरीच्या लग्नात बापाचे नखं तरी साफ राहू द्या."

शेवटी एका सकाळी मी हात टेकले. भाऊ आणि शेजारचा वेल्डर सलीम, दोघंच चक्कर मारून आले. सलीम म्हणाला, "भैया, कौन सी आवाज? गाडी तो मक्खन चल रही है."

मी चिडून आत बसलो. थोडं पुढं गेलो आणि — घूंऽऽ. सलीम माझ्याकडं बघत राहिला. "अब आ रही है," एवढंच बोलला.

मला उतरवून ते गेले, आवाज नाही. मी बसलो की आला. चालवायला बसलो तरी, मागे डाल्यात, सामानाच्या हौद्यात बसलो तरी. वजनाचा खेळ असेल म्हणून सलीमनं माझ्या जागी धानाची पोती ठेवली. आवाज नाही. दुसऱ्या गाडीत मी बसून पाहिलं, तिथंही नाही. आमची पद्धत अशी, की एकेक पार्ट बाद करत जायचं आणि उरेल तो खराब. इथं सगळे पार्ट बाद झाले आणि मी उरलो. आज हसू येतं... तेव्हा नाही आलं.

भाऊ खाली बघत म्हणाला, "गाडी ठीक आहे गा. तू नको बसू तिच्यात. तू बसनं ये."

पोरीच्या वऱ्हाडात बाप नाही. आणि मला ते पटलं, याचंच जास्त वाईट वाटलं. माझ्यामुळं गाडीचं काही व्हायचं असेल, तर मी नसलेलाच बरा.

निघायच्या सकाळी मी पिशवी घेऊन स्टँडकडं चाललो होतो. हळदीच्या अंगानं सरिता केबिनमधून खाली उतरली. "बाबा, कोठी चालले?"

"बसनं येतो. तू हो पुढं."

"तुमी बसान तरच मी बसन. आवाज येते तं येऊ द्या."

"रस्त्यात काही तुटलं तं?"

"सारं तं तुमीच खोलून पाहिलं ना. मंग काऊन भेवून राहिले?"

मी पिशवी डाल्यात टाकली. बसलो. भाऊ गाडी चालवत होता, मधे सरिता, दाराशी मी. आवाज निघाल्यापासून सोबतीला होता. डाल्यातल्या बायकांची गाणी हळूहळू थांबली. भाऊचे हात स्टिअरिंगवर आवळलेले, माझा हात दाराच्या हँडलवर. आणि सरिता, जी कितीतरी रात्री धड झोपली नव्हती, ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली. चढ गेला, उतार गेला. काही तुटलं नाही. दरेकसाला पोचल्यावर मी तिला हलवून उठवलं.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी तिला तिथं ठेवून आम्ही परत निघालो. सीट तीच, मी तोच. आणि आवाज नव्हता. सालेकसा आलं, तरी नाही. भाऊ हळूच म्हणाला, "गेला वाटते."

पुढं कितीतरी वर्षं ती पिकअप चालली. मी शेकडो वेळा तिच्यात बसलो, पण तो आवाज पुन्हा आला नाही. सलीम म्हणतो, नवीन बेअरिंग बसायला वेळ लागतो. असेल. पण आवाज तर जुन्या बेअरिंगलाही होता, आणि बेअरिंगला मी आणि धानाची पोती यांतला फरक कसा कळत होता, हे तोही सांगत नाही. मला तर आजही काही सुचत नाही. विचार करून करून थकलो.

एक मात्र कोणाला बोललो नव्हतो. परतताना तो आवाज यायला हवा होता मला. फार हवा होता. आमगाव सुटल्यावर मी भाऊला म्हटलं, "थोडी जोरात चालव ना." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चालवली. गाडीत काहीच बिघाड नव्हता. गोरेगाव येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होतो.