बटाट्याची वही

काट्यावर वाफाळता बटाटा उचलून धरायचा आणि समोर जो असेल त्याला विचारायचं, "ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?" आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधली ही डॉक्टरांची सलामी. मूळचे पुण्याचे, भूलतज्ज्ञ, राहायला लंडनच्या हॅरोत, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी तिथंच फार्मसीत.

उत्तर मिळालं की खिशातून निळी वही निघायची. फ्रेंच फिजिओ म्हणाली, जमिनीतलं सफरचंद. डच नर्सचंही तेच. पोलिश पोर्टरच्या शब्दात नुसती माती. जर्मन रजिस्ट्रारचा कार्टोफेल म्हणे इटलीतल्या जमिनीखालच्या अळंबीवरून आलेला, आणि रुमानियाच्या नर्सचा त्याच्यावरून. "अगं, शब्दाला कुठं व्हिसा लागतो?" हे डॉक्टरांचं पालुपद. त्या वहीपायी माझं जेवण रोज गार व्हायचं, पण खरं सांगते, मजा यायची.

काउंटरवर इनेस होती, पोर्तुगालची. तिनं 'बताता' म्हटलं मात्र, डॉक्टर ताडकन उभेच राहिले. "आपला बटाटा हिच्याच लोकांच्या बोटीतून आला की! म्हणजे ही माझी बहीण." आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. भाऊबीजेला कॅन्टीनच्या ट्रेमध्ये टी-लाइट लावून तिच्याकडून ओवाळून घेतलं. फायर अलार्म वाजतोय की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी!

ब्रेक्झिटच्या रेफरेंडमचा निकाल लागला, ब्रिटन युरोपातून बाहेर पडणार हे कळलं, त्या सकाळी इनेस काउंटरमागं रडत होती. मुलगी इथल्या शाळेत, नवरा बसवर ड्रायव्हर. आता घर गुंडाळावं लागणार की काय, ही धास्ती. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठल्या मूर्खांनी मतं दिली कोण जाणे. तुझा भाऊ आहे ना इथं?" मलाच भरून आलं.

सप्टेंबरात, मंडळाच्या गणपतीला, डॉक्टरांच्या मिसेस मोदक वाढता वाढता सहज बोलून गेल्या, "आमच्या ह्यांनी तर मत लीव्हलाच, बाहेर पडायलाच दिलं बाई. पुतण्याचा व्हिसा तीनदा नाकारला ना!"

हातातला मोदक मी तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो डॉक्टर, शब्दाला व्हिसा लागत नाही ना?"

त्यांना बरोबर कळलं. "शब्दाला नाही. माझ्या पुतण्याला लागतो. हे युरोपातले लोक नुसती बॅग उचलून येतात, आणि आपल्या पोरांनी दारात ताटकळायचं?"

"आणि इनेस?"

"तिला सांगू नकोस हं. उगाच दुखावेल."

उगाच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फसवलं होतं ते तिला एकटीलाच नाही. त्या वहीवर माझाही जीव होता हो. त्यानंतर मी त्यांच्या टेबलावर बसणं सोडलं.

आणि पुढं त्याच माणसानं इनेसचा इथं राहण्याचा अर्ज स्वतः भरून दिला. तीन शनिवार, लॅपटॉप घेऊन, तिच्या स्वयंपाकघरात. हे कसं जुळवायचं ते तुम्हीच सांगा, मला आजवर जमलेलं नाही. अर्ज मंजूर झाला, पण तिच्या नवऱ्याचं मनच उडालं होतं. शेवटी ती पोर्तुगालला परत गेलीच. जाताना वहीत 'बताता'समोर लिहून गेली, 'माझा भाऊ'. डॉक्टरांनी मान वर केली नाही. पुतण्या इथं आला नाहीच, तो कॅनडाला गेला.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर वारले. मिसेसनी वही माझ्या हातात ठेवली, "तुमचीच दोघांची ही." मी इनेसला कळवलं. लगेच तिचा मेसेज आला: 'त्या देशात एक माणूस तरी आमच्या बाजूनं होता. त्याच्या फोटोपुढं एक बताता ठेव.'

मी टाइप केलं, 'इनेस, त्यांनी खरं तर', आणि बोट थांबलं. स्वतः सुटले, आणि ते खोटं माझ्या पदरात टाकून गेले. फार राग आला मला त्यांचा. लिहिलेलं सगळं पुसलं, 'ठेवते' एवढंच पाठवलं, आणि चरफडत बटाटा भाजायला ओव्हन लावला.