ला पाझची नुरा कुस्ती

कोडोलीहून निघालो त्या सकाळी आबा गोठ्यातून बाहेर आलेच नाहीत. दारात गाडी उभी, डिकीत दोन बॅगा, धाकटा भाऊ दादू हॉर्न वाजवतोय, शेजारच्या काकू धपाटी बांधून देताहेत, आणि माझे वडील म्हशीपुढं पाठ करून बसलेले. कारण एकच. मी आणि माझा नवरा विलास, आम्ही कोल्हापुरातला फ्लॅट विकून अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक जुनी शिडाची बोट घेतली होती आणि आता तिच्यावरच राहणार होतो. विलासनं तीस वर्षं मालवाहू जहाजांची इंजिनं सांभाळलेली. निवृत्तीनंतर त्याला स्वतःचं शिड हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आबांचं म्हणणं एवढंच, "घराला पाया लागतोय. पाण्यात कुठला पाया घालणार?" त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

तुम्ही गावात राहिलात ते आणि माझ्यासारखे लांब पांगलात ते, सगळ्यांना मी या हिवाळ्यात मेक्सिकोतले फोटो धाडत होते. त्यातली मजा खरी होती, खोटं कशाला बोलू? थंडी पडली की वरच्या मुलखातल्या शिडाच्या बोटी खाली ला पाझला येतात, तशा आम्हीही आलो. सकाळी आठला वायरलेसवर सगळ्या बोटींची हजेरी होते आणि आज कुठं काय आहे ते कळतं. कधी देवमासे बघायला जायचं, कधी कुणाच्या बोटीवर डॉमिनो. संध्याकाळी अख्खं शहर समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला येतं, रंकाळ्यावर येतं तसंच, फक्त भेळेऐवजी हातात माशाचे टाको. रविवारी चौकात बँड वाजतो आणि सत्तरी-ऐंशीची जोडपी नाचतात. अशाच एका आजीनं विलासला हाताला धरून नाचवला. आपल्याकडं या वयाचं कुणी कंबर हलवायला लागलं तर सुना आत नेऊन झोपवतील.

पण रविवारी कोडोलीला फोन लावला की दादू हळूच म्हणायचा, "अक्का, आबा न्हाई म्हणत्यात." आबा ब्याऐंशीचे. असेच न बोलता गेले तर मी काय करायचं? ही भीती मी विलासलाही सांगितली नव्हती. दिवसभर हसायची आणि भांडी घासताना रडायची, असं चाललं होतं.

जानेवारीत एका सकाळी वायरलेसवर कुणीतरी सांगितलं की रविवारी संध्याकाळी व्यायामशाळेत कुस्त्या आहेत. झालं! विलास पेठेतल्या तालमीत वाढलेला. तासभर आधी जाऊन आम्ही पुढच्या खुर्च्या धरल्या. मधे दोऱ्या लावलेला चौथरा होता. विलास सवयीनं त्याच्याजवळ गेला, चपला काढल्या, कडेला हात लावून कपाळाला लावला. त्याचं बघून मीही. आखाड्यापाशी चपला घालून कोण जातंय? शेजारच्या बाईंनी आमच्या पायांकडं बघितलं, मग खाली वाकून काही सांडलंय का ते बघितलं. एवढ्या हॉलमध्ये अनवाणी आम्ही दोघंच.

पैलवान आले ते चकचकीत चड्ड्या आणि तोंडावर मुखवटे घालून. विलासला राहवेना, त्यानं दादूला व्हिडिओ कॉल लावला. आमची रविवारची संध्याकाळ म्हणजे कोडोलीत सोमवारची सकाळ, धारा काढायची वेळ. दादू हुशार. कुणाचा फोन ते सांगितलंच नाही. "आबा, कुस्ती हाय," म्हणाला आणि फोन त्यांच्यापुढं धरला. तरुणपणी मैदानं मारलेला माणूस, बघणार नाही तर काय करील.

"तोंड लपवून कोण लढतंय व्हय?" पहिला आवाज हाच. दोन वर्षांनी ऐकला मी. तेवढ्यात एका मुखवट्यानं दुसऱ्याला दोरीवरून फेकलं, तो आपटला आणि लगेच उठून नाचायला लागला. आबा खवळले. विलासचा आवाज एव्हाना ओळखला होता त्यांनी. "आरं, ही नुरा हाय! आधी ठरवून लढाय लागलीत की! पावणं, पंचाला सांगा, पाठ टेकल्याबिगर चितपट न्हाई!" जावयाची आज्ञाधारकता बघा, विलास उठला आणि भर हॉलमध्ये पंचावर कोल्हापुरीत ओरडायला लागला. कुणाला काही वाटलं नाही. सगळेच पंचावर ओरडत होते.

त्या धांदलीत फोन खाली वळला.

"पावणं, पायात काय न्हाई तुमच्या?"

"आखाडा हाय न्हवं, आबा. चपला काढून ठेवल्यात दोघांनीबी."

मग आबा म्हणाले, "बराबर हाय." आणि लागलीच, "ती कुठाय?"

विलासनं फोन माझ्याकडं वळवला. आबांनी फोन डोळ्यांजवळ ओढला. "वाळलीस," म्हणाले. मी कसली वाळते, टाको खाऊन चांगली गरगरीत झालेय. पण "व्हय आबा" म्हटलं आणि ढसाढसा रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, आमचा पैलवान हरला. त्यांनी माझी पाठ थोपटली.

फोन ठेवताना आबा नेहमीच्या चिडक्या आवाजात म्हणाले, "घरी पोचला की फोन करा. ध्यान लागून ऱ्हातंय."

घरी म्हणाले. आजवर दादूजवळ नुसतं "ती होडी" म्हणायचे. मला विचाराल तर पोचल्याचं ज्याला कळवावं लागतं असं माणूस मागं असलं, की मग कुठंही राहावं. रबरी होडीतून आम्ही बोटीकडं निघालो तेव्हा वारा होता, अंगावर पाणी उडत होतं, आणि विलास अजून त्या पंचाला शिव्या देत होता. बोटीवर चढल्या चढल्या, ओल्या हातानंच मी फोन लावला.

"आबा, पोचलो घरी."

"बरं," म्हणाले, आणि ठेवला.